उंदरांना ऐकू येणारं चाक

मित्रांनो, तुमची माझी भेट होणं तसं कठीणच. मी राहते तिथे मुलांना येऊ देत नाहीत. मोठ्यांनाही चपला बाहेर काढून, हात धुऊन, टोपी आणि मास्क लावूनच आत यावं लागतं. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर ॲनिमल हाऊस आहे. म्हणजे प्रयोगासाठी प्राणी ठेवतात ती जागा. तिथल्या लांब व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून, मी चौदा वर्षं उभी आहे. स्टीलची, चार चाकांची, एका कोपऱ्यात चेपलेली ट्रॉली. उंदरांचे पिंजरे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं हे माझं काम.

मला काही वाटत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. कुणी ढकललं की जायचं, थांबवलं की थांबायचं. सुखदुःख ज्याचं त्याला. स्टीलला काय त्याचं? पण एक चूक दोन वर्षं माझ्याच चाकात बसून होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. ती चूक तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका वर्कशॉपमधला. शेजारी रिक्षांचे सायलेन्सर दुरुस्त व्हायचे, त्यामुळे पहिले काही दिवस मी फक्त ठोकाठोकी ऐकली. योगीराज नावाच्या माणसाने मला जोडलं, घासलं, आणि दारातून बाहेर ढकलताना न्यायला आलेल्या माणसाला एवढंच सांगितलं, की वरचं स्टील पुष्कळ टिकेल, चाकांकडे तेवढं बघत जा.

न्यायला आलेला माणूस म्हणजे गुंडूअण्णा. उंदरांची देखभाल त्यांच्याकडे असते. त्यांचं घराणं मराठी, पण चार पिढ्या इथेच गेलेल्या. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नाही. त्यांच्या मराठीत स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, असे कन्नड शब्द घरच्यासारखे येऊन बसतात. पुण्या-मुंबईहून नवीन आलेली मुलं त्यांच्या बोलण्याला हसतात, आणि ते त्या मुलांच्या इंग्रजीला. भांडण काही नाही.

आमचा दिवस सकाळी आठला सुरू व्हायचा. व्हरांड्याच्या एका टोकाला उंदरांची खोली, दुसऱ्या टोकाला शस्त्रक्रियेची. मधे साठ पावलं. गुंडूअण्णा माझ्यावर सहा पिंजरे ठेवायचे, त्यांच्यावर एक स्वच्छ चादर टाकायचे आणि मला हळूहळू ढकलत न्यायचे. वाटेत ते उंदरांशी बोलत. काही विशेष नाही. आज पाऊस आहे, बस उशिरा आली, असलं काहीतरी.

त्या खोलीत काय होतं ते तुमच्यापासून लपवत नाही. तिथे उंदरांना भूल देतात, म्हणजे औषधाच्या वायूने झोपवतात. मग पोटावर छोटीशी चीर देतात आणि टाके घालतात. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी तिचं नाव. उंदरांनाही असते. भीती वाटली, दुखलं, की ही ग्रंथी रक्तात एक हार्मोन सोडते. भुलीमुळे ते किती वाढतं, चीर दिल्यावर किती, आणि आधी वेदनाशामक टोचलं तर किती कमी वाढतं, हे मोजायचं होतं. उंदीर दुखतंय म्हणून सांगत नाही. त्याचं रक्त सांगतं.

म्हणून सगळ्यांत आधी, भूल द्यायच्याही आधी, शेपटीतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा. उंदीर शांत असताना ते हार्मोन किती असतं, ते त्या थेंबावरून कळतं. पुढची सगळी मापं या पहिल्या थेंबाशी ताडून बघायची. पिंजरा उघडल्यापासून तीन मिनिटांच्या आत तो घ्यावा लागतो. त्यानंतर भीतीचं हार्मोन चढायला लागतं आणि थेंब खोटं बोलतो.

प्रयोग संपला की उंदीर परत येत नसत. मी रिकामे पिंजरे परत आणायची. त्याबद्दलही मला काही वाटायचं नाही. निदान मी तसं म्हणायची.

वर्षातून एक दिवस मात्र माझा असे. इथे त्याला आयुधपूजा म्हणतात, तुमच्याकडे खंडेनवमी म्हणत असतील. बेंगळुरूत त्या दिवशी बस, रिक्षा, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा होते. गुंडूअण्णा आदल्या दिवशी एक पत्र्याचा डबा काढायचे. त्यात रॉकेलची बाटली, चिमटा, ग्रीसची डबी, आणि त्यांची बायको अनुसूया हिच्या शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली. शिवाय हळदकुंकू, उदबत्त्या, कापूर. ते मला उलटी करायचे आणि चारही चाकं खोलून आसाभोवती गुंडाळलेले उंदरांचे केस, भुसा, चादरीचे धागे चिमट्याने ओढून काढायचे. मग रॉकेलने धुऊन ग्रीस भरायचे. दुसऱ्या दिवशी कुंकू, शेवंतीची माळ, चाकांखाली लिंबं. सगळ्यांना चुरमुऱ्यांची पुडी. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, हा आमचा रथ.

मग डॉक्टर भव्या आल्या. प्राण्यांच्या डॉक्टर, तरुण, शिस्तीच्या. पहिल्याच वर्षी त्यांनी सांगितलं की ॲनिमल हाऊसमध्ये उदबत्ती, फुलं, कुंकू चालणार नाही. उंदरांचं नाक फार तीक्ष्ण असतं, नव्या वासाने ते बिथरतात. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, मित्रांनो. गुंडूअण्णांनी मान डोलावली, सरी म्हणाले, आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

पण त्या डब्यात कुंकवाबरोबर ग्रीसही होतं. आणि चाकांची सफाई संस्थेच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेली नव्हती. वायूच्या यंत्राची तपासणी लिहिलेली होती, पंख्यांची होती, दारांच्या कुलपांचीही होती. चाकांची नव्हती, कारण ती आपोआप होत असे, पूजेत. पूजा थांबली तेव्हा तीही थांबली, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गुंडूअण्णांच्याही नाही. पूजा नको, तर डबा नको. त्यांच्या मनात ते एकच होतं. थोडा रागही होता, तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

एक वर्ष गेलं. आसाभोवती केस जमत गेले. उजवीकडचं पुढचं चाक जरा कुरकुरायला लागलं. अगदी बारीक. माणसं सवयीने विसरतात तेवढं. मीही विसरले. दुसरं वर्ष निम्म्याच्या वर सरलं.

त्याच सुमारास मैत्रेयी, इथली एक संशोधक, बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. ती पुण्याची, राहायला इथल्या महादेवपुऱ्याला. तिची मुलगी आर्या तेव्हा सात महिन्यांची होती. रजेच्या आधी मैत्रेयी व्हरांड्यातून गुणगुणत जायची. आता यायची ती भिंतीच्या कडेकडेने. आत शिरण्याआधी माझ्यापाशी उभी राहून पाळणाघराला फोन करायची. आर्या झोपली का, कुशीवर झोपली की पाठीवर, श्वास नीट चालू आहे ना. पलीकडून सगळं ठीक आहे म्हटलं की हो म्हणायची, पण तिचा चेहरा काही बदलायचा नाही. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. एकदा गुंडूअण्णांनी विचारलं, बाळ बरं आहे ना अक्का? ती म्हणाली, बरं आहे, मलाच काही कळेनासं झालंय, सगळं दुसऱ्या खोलीत चालल्यासारखं वाटतं.

वेदनाशामकाचा प्रयोग तिचाच होता. चाळीस उंदीर. निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी वेदनाशामक, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. ते चाळीसही मीच नेले, सहा-सहा पिंजरे करून. आकडे आले तेव्हा कुणालाच काही समजेना. दोन्ही गटांत फरक नव्हता. इतकंच नाही, पहिला थेंबच चढा होता. भूल नाही, चीर नाही, तरी ऑपरेशन झाल्याइतका चढा.

मैत्रेयीच्या विभागाचे प्रमुख नरसिंहराव सर. केस पांढरे, आवाज हळू, घाई मात्र मोठी. एका सोमवारी त्यांनी मैत्रेयीला व्हरांड्यातच सांगितलं, की आकडे स्पष्ट आहेत, हे औषध काही करत नाही. उगाच एक सुई जास्त टोचायची कशाला? पुढचे अठ्ठेचाळीस उंदीर वेदनाशामकाशिवाय होतील. परवानगीचा अर्ज शुक्रवारी पाठवू.

मैत्रेयी बरं सर म्हणाली. ते गेल्यावर तिने माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. हात गार होता. अठ्ठेचाळीस जिवांना चीर दिली जाणार होती, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांचं दुखणं कमी करायला काही नसणार होतं. शुक्रवारला चार दिवस होते.

आई झालेली माणसं एक गोष्ट शिकतात, मित्रांनो. जो बोलू शकत नाही त्याच्याकडे बघत बसायला शिकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयी उंदरांच्या खोलीत एका कोपऱ्यात स्टूल घेऊन बसली. वही मांडीवर, हालचाल नाही. तिला काय हवंय ते तिलाही ठाऊक नव्हतं. नुसती बघत होती, रोज घरी पाळण्याकडे बघायची तशी. उंदीर खात होते, अंग चाटत होते.

इकडे गुंडूअण्णांनी मला दुसऱ्या टोकाहून ढकलायला सुरुवात केली. मी दहा पावलं आले असेन, नसेन. अचानक दार उघडलं आणि मैत्रेयी बाहेर आली.

"अण्णा, तुम्ही आत्ता काही बोललात का?"

"नाही अक्का. का हो?"

"पुन्हा मागे जा. आणि तसेच या."

ती आत गेली. आम्ही मागे गेलो, पुन्हा आलो. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी ती दारातच उभी राहिली आणि अगदी सपाट आवाजात सांगायला लागली. ट्रॉली हलली की सगळे उंदीर एकाच वेळी थांबतात. दाणा तोंडात असेल तर तोंडातच राहतो. थांबली की थोड्या वेळाने एकेक जण हलतो. दार उघडायच्या कितीतरी आधी. साठ पावलं दूर असताना.

गुंडूअण्णा म्हणाले की एवढीशी कुरकुर आहे, आपल्याला तर नीट ऐकूही येत नाही. मैत्रेयी खाली वाकून माझ्या चाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आर्याच्या वेळी माझं ऑपरेशन झालं ना अण्णा, त्यातलं मला काहीच आठवत नाही. कमरेखाली बधिर होतं सगळं. स्ट्रेचरचं चाक तेवढं आठवतं. वॉर्डपासून थिएटरपर्यंत ते वाजत होतं. अजून दवाखान्यात गेलं आणि कुठे चाक वाजलं, की माझे हात गार पडतात."



दुपारी ती वरच्या मजल्यावरच्या अवधूतकडून एक यंत्र घेऊन आली. अवधूत वटवाघळांचा अभ्यास करतो. माणसाच्या कानाला न पोचणारे उंच आवाज हे यंत्र आपल्याला ऐकू येतील असे करून देतं. उंदरांना तसले आवाज आपल्याहून पुष्कळ जास्त ऐकू येतात. तिने ते माझ्या चाकाजवळ धरलं आणि गुंडूअण्णांना म्हणाली, ढकला.

त्या दिवशी मी माझा खरा आवाज पहिल्यांदा ऐकला. काचेवर खिळा ओढल्यासारखा. थांबतच नव्हता. व्हरांडाभर तोच. गुंडूअण्णांनी दांडा सोडून दिला, जसं काही त्यांना चटका बसला. कितीतरी महिने हा आवाज चालू होता, आणि पिंजरे माझ्या पाठीवर होते. चाकाच्या वर, हातभर अंतरावर.

बुधवारी मैत्रेयीने सहा पिंजरे घेतले. तीन गुंडूअण्णांनी आधी एकेक करून छातीशी धरून नेले, चादर टाकून, हळूहळू बोलत. त्यांचे पहिले थेंब घेऊन झाल्यावर बाकीचे तीन माझ्यावर. गुरुवारी संध्याकाळी आकडे आले. हातातून गेलेले उंदीर शांत होते. माझ्यावरून गेलेले, ऑपरेशन झाल्याइतके घाबरलेले. चादर तीच, खोली तीच, माणूस तोच.

शुक्रवारी सकाळी नरसिंहराव सर खाली आले. बऱ्याच महिन्यांनी आले होते. भव्या डॉक्टरही होत्या. सरांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे ते चाळीस वाया गेले," ते म्हणाले.

"हो सर," मैत्रेयी म्हणाली. "भूल देण्याआधीच ते इतके घाबरलेले होते की औषधाचा फरक दिसायला जागाच उरली नव्हती. औषध कामाचं नाही असं त्यावरून म्हणता येणार नाही."

"एका चाकामुळे."

"चाकाचा काय दोष साहेब," गुंडूअण्णा म्हणाले. "बघायचं काम माझं होतं. पूजा नको म्हटलं, मी डबाच बंद केला. रुसलो होतो मी."

 मग भव्या डॉक्टर कन्नडमध्ये बोलल्या, की डब्यात आणखी काय आहे हे त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यांना फक्त उदबत्ती दिसली होती. सरांनी अर्ज दुमडून खिशात टाकला. वेदनाशामक राहील, ते म्हणाले. चाक नीट करा आणि परत मोजा.

डबा फळीवरून खाली आला. गुंडूअण्णांनी मला मागच्या अंगणात नेऊन उलटी केली. उजव्या चाकाच्या आसातून चिमट्याने जे निघालं, ते त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवलं. करड्या रंगाची घट्ट गुठळी, लिंबाएवढी. पांढरे केस, दोन वर्षांचे. मैत्रेयी बघत उभी होती. तिने ती गुठळी उचलली, तळहातावर धरली. त्यात त्या चाळिसांचेही केस असणार. इतके महिने जिच्या डोळ्यांत काही हललं नव्हतं, ती तिथे पायरीवर बसून रडली. मोठ्याने नाही. गुंडूअण्णा ग्रीस भरत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "अक्का, स्वल्प ती बाटली द्या." तिने डोळे पुसून अनुसूयेच्या मशीनच्या तेलाची बाटली पुढे केली.

पुढच्या अठ्ठेचाळिसांत औषधाने आपलं काम दाखवलं. ज्यांना ते मिळालं, त्यांच्या रक्तातलं हार्मोन ऑपरेशननंतरही बरंच कमी चढलं. त्यानंतर त्या विभागात वेदनाशामक टोचल्याशिवाय चीर द्यायची नाही असं ठरलं. तेही उंदीर परत आले नाहीत. मी रिकामे पिंजरे आणले. पण आता मी काही वाटत नाही असं म्हणत नाही.

रजिस्टरमध्ये माझ्यासाठी एक रकाना झाला आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाकं खोलायची, आणि खाली गुंडूअण्णांची सही. यंदाची आयुधपूजा गेटबाहेर झाली, भव्या डॉक्टरांच्या संमतीने. कुंकू, शेवंती, लिंबं, सगळं तिथेच. मग मला पाइपने धुऊन, पुसून, वाळवून आत घेतलं. मैत्रेयी आर्याला कडेवर घेऊन आली होती. आर्या चुरमुरे मुठीत धरून माझ्या चाकाकडे बघत होती. मैत्रेयीने मला थोडं पुढे ढकललं, थोडं मागे. आर्या बघतच राहिली, दचकली नाही.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. कधीतरी नवी ट्रॉली येईल आणि मी भंगारात जाईन. तोवर एक मागणं आहे. तुमच्या घरात पाळणा असेल, शाळेत एखादं दार असेल, आजोबांची चाकाची खुर्ची असेल. ती कुरकुरत असेल तर त्या आवाजाची सवय करून घेऊ नका. आपल्याला नीट ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्यालाही येत नसेल असं धरू नका. तिथे कोण बसलंय, त्याच्या कानाने एकदा ऐका. आणि जुनी रीत बंद करायची असेल तर जरूर करा, पण तिच्या डब्यात आणखी काय काय आहे ते आधी उघडून बघा.

आज सकाळी गुंडूअण्णांनी मला पुन्हा उंदरांच्या खोलीकडे ढकललं. बस उशिरा आली म्हणून सांगत होते. दहा पावलं, वीस पावलं, चाळीस, साठ. दाराशी पोचले. आत दाणे कुरतडल्याचा आवाज येत होता. गुंडूअण्णांनी दार उघडलं. कुणीही खायचं थांबलं नव्हतं.